झिंक कुणाला लागतं आणि विकलं कुणाला जातंय?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पण घरात लहान मूल असेल, किंवा रोज सकाळी नाश्त्याबरोबर 'इम्युनिटी'ची गोळी गिळणारं कुणी असेल, तर शेवटपर्यंत वाचा.

अंधेरीला पूर्वेला उतरा, बोरिवलीला पश्चिमेला उतरा, नाहीतर मुलुंड, घाटकोपर, कुठेही उतरा. स्टेशनाबाहेर चार पावलांवर मेडिकलचं दुकान लागतंच. काउंटरवर काय मांडलेलं असतं? व्हिटॅमिन सी प्लस झिंक. मल्टिव्हिटॅमिन विथ झिंक. केस गळतात म्हणून झिंक, जिमला जातोस म्हणून झिंक, पोरांसाठी अस्वलाच्या आकाराच्या गोड गमी, त्यातही झिंक. चिठ्ठी कुणी मागत नाही. "इम्युनिटीला चांगलं असतं" एवढं म्हटलं की पाकीट पिशवीत.

आता त्याच दुकानात जाऊन सांगा, "दोन वर्षांच्या पोराला जुलाब लागलेत, काहीतरी द्या." हातात काय पडतं ते तुम्हाला माहीत आहे. अँटिबायोटिकची एक बाटली, जुलाब 'बांधणारं' कसलंतरी औषध आणि वर फळांच्या चवीचा एक टेट्रापॅक. आता गंमत बघा. लहान मुलाचे जुलाब हा असा आजार आहे की ज्यात झिंक द्या असं जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफनं मिळून २००४ सालीच सांगितलंय. म्हणजे ज्या गिऱ्हाइकासाठी झिंक खरोखर औषध आहे, नेमकं त्यालाच ते मिळत नाही. आणि ज्याला त्याची गरज असल्याचा काही पुरावा नाही, तो महिन्याला पाकीट संपवतोय.

हे उलटं चाललंय, आणि आपण सगळे ते बघत उभे आहोत. म्हणून ही पोस्ट.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो: झिंक म्हणजे थोतांड नाही

झिंक म्हणजे आपलं जस्त. पत्रा गंजू नये म्हणून त्यावर चढवतात तेच. माणसाच्या शरीरात ते असतं जेमतेम दोन-तीन ग्रॅम. पण तेवढ्यावर तीनशेहून जास्त एन्झाइम्सचं काम चालतं.

हे कळलं कसं, ते ऐकण्यासारखं आहे. बिहारमधल्या बक्सरला जन्मलेले डॉ. आनंद प्रसाद अमेरिकेत शिकून १९५० च्या दशकाच्या अखेरीस इराणमध्ये शिराझला काम करत होते. तिथे त्यांच्यासमोर एक रुग्ण आला. वय २१, दिसायला दहा वर्षांचा मुलगा. उंची खुंटलेली, वयात आल्याची खूण नाही, रक्त कमी. आसपासच्या गावांत असे आणखी तरुण होते. खाणं काय, तर बिनआंबवलेल्या गव्हाची रोटी. मांस-अंडी जवळपास नाहीत, आणि माती खायची सवय. १९६१ साली प्रसाद यांनी हे छापून मांडलं आणि त्यामागे जस्ताची कमतरता असावी असा कयास केला. १९६३ मध्ये इजिप्तमधल्या अशाच रुग्णांवर काम करून त्यांनी ते दाखवून दिलं. तोवर माणसात जस्ताची कमतरता होऊच शकत नाही असं मोठमोठे डॉक्टर मानत होते. असे तरुण संसर्गाला बळी पडून पंचविशीच्या आत जातात, हेही प्रसाद यांनी पुढे लिहिलं. तिथून झिंक आणि प्रतिकारशक्तीचा धागा सुरू झाला.

धागा काय आहे? छातीच्या हाडामागे थायमस नावाची एक ग्रंथी असते. विषाणू-जंतूंशी लढणाऱ्या टी-पेशी तिथे तयार होतात. जस्त कमी पडलं की ही ग्रंथी आक्रसते आणि टी-पेशी घटतात. थायम्युलिन नावाचं तिचं एक संप्रेरक तर जस्ताशिवाय कामच करत नाही. शिवाय आतड्याचं अस्तर सतत झिजून नवं होत असतं, त्यालाही जस्त लागतं. ते अस्तर विरलं की जंतू आत शिरायला वाट मिळते. मग जुलाब लागतात. जुलाबातून शरीरातलं जस्त आणखी वाहून जातं. मग पुढचे जुलाब आणखी लवकर लागतात. कुपोषित पोराचं वजन पावसाळ्यात घसरतं आणि दिवाळीपर्यंत भरून येत नाही, त्यामागे हेही एक चक्र असतं.

आणखी एक. चरबी साठते, लोह काही प्रमाणात साठतं, तसा जस्ताचा साठा शरीर करत नाही. रोजचं रोज पोटात जायला हवं.

इथपर्यंत जाहिरातवाल्यांचं आणि माझं एकमत आहे. पुढे ते जे सांगत नाहीत ते मी सांगतो.

कमी पडलं तर भरून काढा, याचा अर्थ जास्त घेतलं तर ताकद वाढते असा होत नाही

टाकी भरली की पाणी ओसंडतं. नळ चालू ठेवला म्हणून टाकी मोठी होत नाही. ज्याच्या शरीरात जस्त पुरेसं आहे त्यानं वरून गोळ्या घेतल्या म्हणून त्याची प्रतिकारशक्ती 'बूस्ट' होते, याला भक्कम पुरावा नाही.

कोविड आठवतो ना? २०२० आणि २०२१ मध्ये आपल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर याद्या फिरत होत्या. सी, डी आणि झिंक. दुकानात पाकिटं संपत होती. त्याच वेळी अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिकनं कोविडच्या २१४ रुग्णांवर चाचणी केली. काहींना रोज ५० मिलिग्रॅम झिंक, काहींना भरपूर व्हिटॅमिन सी, काहींना दोन्ही, काहींना नेहमीची काळजी फक्त. फेब्रुवारी २०२१ मध्ये निकाल छापून आला. लक्षणं लवकर गेली नाहीत. फरक पडण्याची शक्यता दिसेना म्हणून चाचणीच मध्ये थांबवली. ही बातमी त्या ग्रुपवर किती जणांनी पाहिली?

साध्या सर्दीचं म्हणाल, तर कोक्रेनवाल्यांनी २०२४ मध्ये सगळे अभ्यास पुन्हा तपासले. सर्दी होऊ नये म्हणून झिंक घेण्याचा फायदा जवळपास नाही. सर्दी झाल्यावर घेतलं तर ती दोनेक दिवस लवकर जाऊ शकते, पण हा पुरावाही कच्चा आहे, आणि मळमळ, तोंडाची चव जाणं हे त्रास मात्र होतात. म्हणजे सगळं शून्य आहे असं मी म्हणत नाही. पण ज्या छातीठोकपणे विकलं जातंय, तेवढं त्यात नाही.

आणि "घेतलं तर बिघडतं काय?" असं विचारणाऱ्यांसाठी खास.

मोठ्या माणसानं दिवसाला सगळं मिळून ४० मिलिग्रॅमच्या वर झिंक घेऊ नये अशी मर्यादा आहे. एक मल्टिव्हिटॅमिन, एक केसांची गोळी, एक सी-झिंक आणि वर प्रोटीन पावडर असं चार ठिकाणांहून घेतलं की ही मर्यादा कधी ओलांडली ते कळतही नाही. जास्त झिंक दीर्घकाळ घेतलं की आतड्याच्या पेशींत एक प्रथिन वाढतं. ते तांब्याला धरून ठेवतं, आणि पेशी झडल्या की तांबं त्यांच्याबरोबर बाहेर जातं. विल्सन नावाच्या आजारात शरीरात तांबं साठतं, तेव्हा डॉक्टर मुद्दाम झिंक देतात, ते याचसाठी. धडधाकट माणसाचं तांबं असं कमी झालं तर? हिमोग्लोबिन घसरतं, हातापायांना मुंग्या येतात, चालताना तोल जातो, आणि पांढऱ्या पेशी कमी होतात. पांढऱ्या पेशी, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्याच. इम्युनिटीसाठी सुरू केलेली गोळी अती झाली की इम्युनिटीच्याच मुळावर उठते.

आपल्याकडे तर विनोदच आहे. रात्री तांब्याच्या भांड्यात पाणी भरून ठेवायचं, सकाळी ते 'तांबं मिळतं' म्हणून प्यायचं, आणि त्याच घोटाबरोबर झिंकची गोळी गिळायची!

अजून एक, रोज घडणारं. अँटिबायोटिक लिहून दिलं की बरोबर बी-कॉम्प्लेक्सची कॅप्सूल आलीच. तिच्यात बरेचदा झिंक असतं. सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी अँटिबायोटिक्स आणि झिंक एकदम घेतलं तर ते अँटिबायोटिक आतड्यात नीट शोषलं जात नाही. दोन्हींत काही तासांचं अंतर हवं. हे तुम्हाला काउंटरवर कुणी सांगितलंय? आपल्याला काय सांगतात, "दोन्ही जेवणानंतर."

आणि ते 'फुल बॉडी चेकअप'चं पॅकेज, ज्यात झिंकची पातळीही मोजून देतात? ताप, जंतुसंसर्ग असला की रक्तातलं झिंक तात्पुरतं खाली जातंच. जेवणानंतर बदलतं, सकाळ-संध्याकाळ बदलतं. लोकसंख्येचं चित्र पाहायला ही चाचणी उपयोगी आहे. तेवढ्या एका आकड्यावरून एका माणसाला "तुमचं कमी आहे, तीन महिने गोळी घ्या" सांगणं हा धंदा आहे.

एक गैरसमज नको. डॉक्टरनं काही कारणानं झिंक लिहून दिलं असेल, पोटाचं ऑपरेशन झालंय, आतड्याचा जुना आजार आहे, डोळ्याच्या पडद्याचा विकार आहे, तर माझी पोस्ट वाचून बंद करू नका. त्यांना विचारा. मी बोलतोय ते स्वतःच्या मनानं आणि जाहिरातीच्या भरवशावर खाणाऱ्यांबद्दल.

मग कमी कुणाला पडतंय?

केंद्र सरकारनं २०१६ ते २०१८ मध्ये मुलांच्या पोषणाचं देशभर सर्वेक्षण केलं, रक्त तपासून. त्यात १ ते ४ वर्षांच्या मुलांपैकी १९ टक्के, ५ ते ९ वयातली १७ टक्के आणि १० ते १९ वयातली तब्बल ३२ टक्के मुलं जस्ताला कमी निघाली. शाळा-कॉलेजात जाणारी, झपाट्यानं वाढणारी दर तीन पोरांतलं एक.

कारण शिराझमध्ये होतं तेच. आपलं पोट धान्यावर भरतं. धान्यात आणि डाळीत फायटेट असतं, ते जस्ताला धरून ठेवतं आणि आतड्यात शिरू देत नाही. म्हणूनच अमेरिकेत पुरुषाला दिवसाला ११ मिलिग्रॅम पुरेसं मानतात, आणि आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२० मध्ये भारतीय पुरुषासाठी १७ आणि बाईसाठी १३.२ मिलिग्रॅम ठरवलं.

आता उपनगरातल्या कष्टकऱ्याच्या घरातलं ताट बघा. सकाळी चहा-बिस्किट किंवा चहा-खारी. दुपारी वडापाव. रात्री भात आणि पातळ डाळ. पांढऱ्या तांदळात शंभर ग्रॅमला एक-सव्वा मिलिग्रॅम जस्त. मैद्याच्या पावात आणि बटाट्यात त्याहून कमी. पोट भरतं, नाही असं नाही. पण जस्ताचा हिशोब जमत नाही.

आणि पावसाळ्यातले जुलाब

जुलै आला की महापालिकेच्या साथरोगांच्या यादीत गॅस्ट्रो असतोच. डोंगरउतारावरच्या वस्त्या घ्या, घाटकोपरला असल्फ्याकडे, मुलुंडला नॅशनल पार्कच्या कडेला, अंधेरीत साकीनाक्याकडे. पाणी ठरावीक वेळ येतं, ते पिंपात भरून ठेवायचं. पाइप गटारावरून गेलेला असतो. घाटकोपरची टेकडी रंगवली तेव्हा सगळ्यांनी छान फोटो काढले. पण भिंती रंगवून पोटं बरी होत नाहीत.

झिंकचा जुलाबातला उपयोग कुठे सिद्ध झाला माहीत आहे? आपल्याच देशात. दिल्लीतल्या वस्तीत ९३७ मुलांवर केलेली चाचणी १९९५ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आली. झिंक घेणारी मुलं लवकर बरी झाली. अशा अनेक चाचण्यांनंतर २००४ चा सल्ला आला: जुलाबात ओआरएस द्या आणि बरोबर १० ते १४ दिवस झिंक द्या. भारत सरकारनंही ते धोरण म्हणून घेतलं. २०१४ पासून तर दर पावसाळ्यात अतिसार नियंत्रणाची मोहीम निघते, आशाताईंनी घरोघरी ओआरएसची पाकिटं आणि झिंकच्या गोळ्या द्यायच्या असतात. सहा महिन्यांपुढच्या मुलाला साधारण अर्धा दिवस आधी आराम पडतो, आणि कुपोषित मुलाला जवळजवळ एक दिवस आधी. ऐकायला थोडं वाटतं. पण आधीच वजन नसलेल्या पोराचा जुलाबाचा एक दिवस वाचणं म्हणजे काय, ते त्याच्या आईला विचारा. आणि कोर्स पूर्ण केला तर पुढचे दोन-तीन महिने पुन्हा जुलाब होण्याची शक्यताही कमी होते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे जुलैत दिलेली गोळी सप्टेंबरपर्यंत कामाला येते.

मग मिळतं किती मुलांना? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २०१५-१६ मध्ये जुलाब झालेल्या मुलांपैकी झिंक मिळालेली २०.३ टक्के. २०१९-२१ मध्ये ३०.५ टक्के. म्हणजे धोरणाला दीड दशक होत आलं तरी दहातल्या सात मुलांना ते मिळालेलं नव्हतं. ओआरएस मिळालेली ६०.६ टक्के, तेही पूर्ण नाहीच.

कारणं सगळ्यांना ठाऊक आहेत. झिंकची गोळी फार स्वस्त, तिच्यात कुणाला नफा नाही. पालकांना 'ताबडतोब थांबवणारं' हवं असतं. डॉक्टरनं नुसतं पावडर-पाणी आणि साधी गोळी दिली की "काही दिलंच नाही" अशी कुरकुर होते. आणि जुलाब तीन दिवसांत थांबले की चौदा दिवसांची गोळी चौथ्या दिवशी कपाटात जाते. त्यात काही मुलांना गोळीनं उलटी होते, म्हणून आया घाबरतात. त्यावरही उत्तर आहे. भारत आणि टांझानियातल्या ४,५०० मुलांवरची चाचणी २०२० मध्ये आली. २० मिलिग्रॅमऐवजी १० किंवा ५ मिलिग्रॅम दिलं तरी गुण तेवढाच, उलट्या कमी. म्हणजे उलटी झाली तर औषध टाकून देऊ नका, डॉक्टरला डोस विचारा.

आमच्या ओळखीतल्या एका ताईंच्या नातवाला गेल्या पावसाळ्यात जुलाब लागले. नाव घेत नाही, पण उपनगरातल्याच एका खासगी दवाखान्यात नेलं. चिठ्ठीवर पाच औषधं. दोन अँटिबायोटिक. ओआरएस नाही, झिंक नाही. ताईंनी दुकानातून 'ओआरएस'च म्हणून जे आणलं ते साखरेचं सरबत निघालं. दोन दिवसांनी सलाइन लावायची वेळ आली. ताईंची काही चूक नाही. पाकिटावर जे नाव वाचलं त्यावर त्यांनी विश्वास ठेवला.

त्या पाकिटांचं निदान एक झालं. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष कित्येक वर्षं एकट्या त्यामागे लागल्या होत्या. शेवटी ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयनं खाद्यपेयांच्या नावात 'ओआरएस' शब्द वापरायला मनाई केली. म्हणजे मागे लागलं तर होतं.

सरकारनं ताटाचं काय केलं?

कुणी म्हणेल, गोळ्या सोडा, जेवणातून द्या. अगदी बरोबर! मग बघू या.

नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारनं शाळेतल्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं. जे अंडं खात नाहीत त्यांना केळं. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी बंद केला, आणि हवं तर लोकवर्गणीतून द्या असं शाळांना सांगितलं. एका अंड्यात जस्त अर्धा-पाऊण मिलिग्रॅम असेल. पाच-सहा वर्षांच्या पोराची दिवसाची गरज साडेचारच्या आसपास. म्हणजे एका अंड्यानं सगळं भागलं असतं असा दावा मी करत नाही. पण बरोबर चांगलं प्रथिन येतं, आणि अंड्यातल्या जस्ताला फायटेट आडवं येत नाही. खिचडीच्या ताटात हीच तर उणीव होती. आठवड्याचं एक अंडं राज्याला जड झालं, आणि आपल्यापैकी किती जणांनी त्यावर आवाज केला?

रेशनवर फोर्टिफाइड तांदूळ आणला गेला. त्यात लोह, फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-१२ सक्तीचं. झिंक ऐच्छिक. ऐच्छिक म्हणजे काय ते आपण जाणतोच.

आणि राग कशाचा येतो सांगू? पिकाला जस्त लागतं हे याच देशाला पक्कं माहीत आहे. १९६० च्या दशकात पंतनगरला डॉ. य. ल. नेने यांनी भाताच्या खैरा रोगाचं मूळ जस्ताच्या कमतरतेत शोधून काढलं, तेव्हापासून शेतकरी रानात झिंक सल्फेट टाकतोय. आपल्याच राज्यात राहुरीच्या कृषी विद्यापीठानं लोह आणि जस्त जास्त असलेलं 'धनशक्ती' बाजरीचं वाण दिलं. परभणीच्या विद्यापीठानं २०१८ मध्ये 'परभणी शक्ती' ज्वारी दिली, तीही जस्त-लोहानं सरस. वाणं तयार आहेत. मुंबईच्या शाळेतल्या ताटात आणि अंगणवाडीच्या पाकिटात ती का दिसत नाहीत, हा प्रश्न कुणी कधी विचारणार?

आपण काय करायचं

घरात: मोड आणा. आपल्या आज्यांना फायटेट हा शब्द माहीत नव्हता, पण कडधान्य भिजवून मोड आणले, पीठ आंबवलं की फायटेट कमी होतं आणि जस्त सुटं होतं. मटकीची उसळ, हरभऱ्याची उसळ, आंबोळी, इडली. पोळीबरोबर आठवड्यातून तीन-चार वेळा भाकरी. तांदळाच्या दुपटीहून जास्त जस्त बाजरीत आहे, हरभऱ्यात शंभर ग्रॅमला तीन मिलिग्रॅमच्या पुढे, तिळात सात-आठ. तिळाची चटणी संक्रांतीपुरती ठेवू नका. शेंगदाणे आहेत, दूध-दही आहे. खात असाल तर अंडी, मटण, मासे. वर्सोवा-मनोरीच्या कोळीवाड्यातल्या मावशींना 'कालवं' विचारा. जगात सगळ्यात जास्त जस्त असलेलं खाणं म्हणून ज्याचं नाव घेतात ते हेच. फक्त खाडीच्या घाण पाण्यातली नकोत, आणि कच्ची तर मुळीच नकोत.

मोठ्यांनी: गोळ्यांची पाकिटं टेबलावर एकत्र मांडा. प्रत्येकावर 'एलिमेंटल झिंक' किती लिहिलंय त्याची बेरीज करा. डॉक्टरनं न सांगितलेलं बंद करा. वाचलेल्या पैशांत महिन्याची अंडी येतात.

मुलाला जुलाब लागले तर: ओआरएस लगेच, अंगावरचं दूध आणि जेवण चालू. डॉक्टरला स्पष्ट विचारा, "झिंक किती आणि किती दिवस?" गोळी चमचाभर पाण्यात विरघळते. जुलाब थांबले तरी सांगितलेले दिवस पूर्ण करा. मूल सुस्त पडलं, डोळे खोल गेले, लघवी कमी झाली, शौचातून रक्त पडलं, तर घरी थांबू नका, सरळ रुग्णालय गाठा.

सोसायटीत: घरकामाला येणाऱ्या ताई, वॉचमन, सफाई कामगार यांच्या घरी लहान मुलं आहेत. पावसाळ्याआधी ही माहिती त्यांना द्या. ज्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर २०२० मध्ये झिंकच्या याद्या फिरल्या, त्याच ग्रुपवर हेही फिरू द्या.

आणि वॉर्डात. मागण्या चारच आहेत:

१. पालिकेच्या प्रत्येक दवाखान्यात, आपला दवाखान्यात आणि अंगणवाडीत जून ते सप्टेंबर ओआरएस आणि झिंक कायम शिल्लक हवं. किती शिल्लक आहे ते दारावर फळ्यावर लिहा.

२. जुलाबाचं मूल आलं की झिंक दिलं का आणि चौदा दिवस पूर्ण झाले का, याची नोंद ठेवा. पाकिटं किती वाटली ते नको, कोर्स किती मुलांचा झाला ते सांगा.

३. मेडिकल दुकानदारांना अन्न व औषध प्रशासनानं ताकीद द्यावी: जुलाबाच्या लहान मुलाला चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक नाही. आधी ओआरएस-झिंक आणि डॉक्टरकडे पाठवणी.

४. शाळेच्या आहारातलं अंडं परत आणा, सरकारी पैशानं. जे खात नाहीत त्यांना मोडाची उसळ द्या. वर्गणी गणपतीला मागतात, पोरांच्या जेवणाला नाही.

यात आभाळ फाडणारं काय आहे? एक रस्ता पुन्हा पुन्हा खोदायला लागतात त्याहून कमी पैशात हे होतं. पण रस्त्याच्या उद्घाटनाला नारळ फुटतो, झिंकच्या गोळीला कुणी नारळ फोडत नाही.

तर या आठवड्यात एक काम करा. के-पूर्व, के-पश्चिम, आर-मध्य, एन, टी, ज्या वॉर्डात राहता तिथल्या जवळच्या पालिका दवाखान्यात जा आणि शांतपणे विचारा, "लहान मुलांच्या जुलाबासाठी झिंकच्या गोळ्या आहेत का?" भांडू नका, तिथल्या नर्सताई आणि फार्मासिस्टना आधीच पुरेसं काम आहे. उत्तर काय मिळालं ते खाली कमेंटमध्ये वॉर्डाच्या नावासकट लिहा. आहे म्हणाले तर तसं लिहा, त्यांचं कौतुक करू. नाही म्हणाले तर तेही लिहा. यादी झाली की आपण ती घेऊन नगरसेवक आणि आरोग्य अधिकाऱ्यांकडे जाऊ. पावसाळा सुरू व्हायच्या आत.